ख्रिस्ती नजरेतून इतिहास वाचताना ‘देवाचा हात’ कुठल्या रकान्यात लिहायचा?

टाचणवही

ख्रिस्ती विश्वास धरून इतिहास अभ्यासणाऱ्यांत दोन टोकं दिसतात. काहींना प्रत्येक लढाईत, साथीत, दुष्काळात देवाचा हेतू हवा असतो, आणि तो त्यांना पाच मिनिटांत सापडतोही. बाकीचे विश्वास चपलेसारखा दाराबाहेर काढून आत येतात आणि जाताना परत घालतात. मला दोन्ही पटत नाही. विश्वासामुळे आपण कुठले प्रश्न विचारतो ते बदलतं, बदललंच पाहिजे. पण पुराव्यात भोक पडलं की तिथे देवाला ठिगळासारखं लावणं हा विश्वासही नव्हे आणि इतिहासही नव्हे.

कामाला येणारी एक रीत मांडतो. एका घटनेला एक आडवं पान. त्यावर चार रकाने.

पहिला, साधनाचा: कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणासाठी.
दुसरा, माणसी कारणांचा: सैन्य, पैसा, पीक, वारसाहक्क, हवामान, भौगोलिक जागा.
तिसरा, त्या काळच्या माणसांनी लावलेल्या अर्थाचा. ‘देवाने केलं’ असं ते म्हणाले असतील तर ते इथे, त्यांच्या नावावर.
चौथा, माझ्या अर्थाचा. हा सगळ्यात शेवटी, आणि पेन्सिलीने.

उदाहरणाला मिल्व्हियन पुलाची लढाई घेऊ. २८ ऑक्टोबर ३१२, रोमच्या वेशीवर रोमन सत्तेचे दोन दावेदार, कॉन्स्टंटाइन विरुद्ध मॅक्सेन्शियस. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की आकाशात क्रूस दिसला, ‘या चिन्हाने जिंक’ अशी अक्षरं दिसली, आणि सम्राट जिंकला. आता पहिला रकाना भरून पाहा.

लढाईच्या दोन वर्षं आधी, ३१० मध्ये, गॉलमधल्या एका दरबारी स्तुतिभाषणात कॉन्स्टंटाइनला दर्शन झाल्याचा उल्लेख आहे, पण ते अपोलोचं. ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस लढाईनंतर दोन-तीन वर्षांत लिहितो. त्याच्याकडे फक्त एक स्वप्न आहे, लढाईच्या आदल्या रात्रीचं, आणि ढालींवर चिन्ह काढण्याची आज्ञा. आकाशात काही नाही. बिशप युसेबियस त्याच्या ‘चर्चचा इतिहास’ या ग्रंथात या लढाईचं वर्णन करतो, मॅक्सेन्शियसच्या बुडण्याची तुलना तांबड्या समुद्रात बुडालेल्या फारोशी करतो, पण दर्शनाबद्दल अवाक्षर नाही. भरदुपारचा प्रकाशाचा क्रूस, ती अक्षरं, आणि सगळ्या सैन्याने ते पाहिलं, हे सारं येतं ते त्याच युसेबियसने ३३७ मध्ये सम्राट वारल्यानंतर लिहिलेल्या चरित्रात. खुद्द सम्राटाने शपथेवर आपल्याला सांगितलं, असं तो म्हणतो. आणि ३१५ सालच्या रोममधल्या कमानीवर विजय ‘दैवताच्या प्रेरणेने’ मिळाल्याचं कोरलंय. कुठल्या दैवताच्या, ते मोघम ठेवलंय. सूर्यदेवाची नाणी तर ३२५ च्या आसपासपर्यंत पडत होती.

दुसऱ्या रकान्यात एक गोष्ट ठळक लिहा. मॅक्सेन्शियसने याआधी दोन स्वाऱ्या रोमच्या तटाआड बसून परतवल्या होत्या. या वेळी तो तट सोडून बाहेर आला आणि नदी पाठीशी घेऊन लढला. का? लॅक्टँशियस सांगतो, की सिबिलच्या ग्रंथांत (रोमच्या भविष्यकथनाच्या पोथ्यांत) त्या दिवशी ‘रोमचा शत्रू’ मरेल असा कौल निघाला होता. शिवाय तो त्याच्या राज्यारोहणाचा वाढदिवस होता. म्हणजे दैवी कौल दोन्ही छावण्यांत चालू होते.

इथे हटकून होणारी चूक म्हणजे पहिलं आणि शेवटचं साधन कालवून एकच गुळगुळीत गोष्ट बनवणं. दुसरी चूक तिच्या उलट: साधनं जुळत नाहीत, म्हणून ‘सगळं थोतांड’ म्हणून पान फाडणं. कॉन्स्टंटाइन स्वतःला कुठल्यातरी दैवताचा निवडलेला मानत होता आणि त्या दैवताचं नाव हळूहळू बदलत गेलं, एवढं या साधनांवरून नीट दिसतं. चौथा रकाना अजून कोरा आहे. तो कोरा ठेवण्याची सवय कशी लावायची, यावर चर्चा हवी आहे.

शिळाप्रेस

चांगला धागा. पहिल्या रकान्यात एक भर. साल एक लिहून भागत नाही, तीन लागतात: घटना कधीची, लेखन कधीचं, आणि आज हाती असलेली सगळ्यात जुनी प्रत कधीची.

रोमन इतिहासकार टॅसिटसने सम्राट नीरोच्या काळातल्या रोममधल्या आगीबद्दल लिहिलं तो परिच्छेद बघा. घटना इ.स. ६४, लेखन ११६ च्या सुमाराचं, आणि त्या भागाची हस्तलिखित प्रत थेट अकराव्या शतकातली. प्रत उशिराची म्हणून मजकूर खोटा ठरत नाही, पण मधल्या नकलाकारांची साखळी लक्षात ठेवावी लागते.

पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसिफस याच्या बाबतीत हीच साखळी गळ्याशी येते. त्याच्या ‘पुरातन इतिहासा’च्या अठराव्या भागात येशूबद्दल जो परिच्छेद आहे, त्यात ‘हाच ख्रिस्त होता’ असं वाक्य येतं. ख्रिस्ती न झालेला यहुदी हे कशाला लिहील? तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिजेन स्पष्ट सांगतो, की जोसिफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता. चौथ्या शतकात युसेबियस तोच परिच्छेद त्या वाक्यासकट उद्धृत करतो. मूळ गाभा जोसिफसचा आणि वर कुणा ख्रिस्ती हाताची भर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. विसाव्या भागात याकोबाला ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ असं म्हटलंय, तो उल्लेख मात्र सहसा अस्सल धरला जातो. विश्वासाचं समर्थन करणाऱ्या पत्रकांत अठराव्या भागातलं वाक्य मोठ्या टाइपात छापतात आणि विसाव्या भागातलं विसरतात. उलटंच करायला हवं. मजबूत विटेवर उभं राहावं.

आणि पुरावा कशाचा, ते दरवेळी लिहा. टॅसिटसवरून पिलाताच्या हाती झालेला येशूचा देहदंड आणि रोममध्ये ख्रिस्ती लोकांचं अस्तित्व कळतं. पुनरुत्थानाबद्दल त्यातून काहीच निघत नाही, आणि ते काढायलाही जाऊ नये.

जाता जाता: टॅसिटस पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. १९६१ मध्ये कैसरिया इथे सापडलेल्या शिळेवर त्याचा हुद्दा ‘प्रीफेक्ट’ आहे. टॅसिटसने स्वतःच्या काळातला हुद्दा मागे लावला, इतकंच. अशी चूक लूकच्या लिखाणात निघाली असती तर दोन्हीकडून केवढा गदारोळ झाला असता, याचा विचार करून बघा.

आडवातिडवा

मी विश्वास ठेवणारा नाही, हे आधीच सांगतो. पहिले तीन रकाने कुठलाही बरा इतिहासकार भरतोच. चौथा तुम्ही कोरा ठेवायला सांगता. मग यात ख्रिस्ती काय उरलं? चौथा रकाना खोडून टाकला तर नेमकं काय बिघडतं?

टाचणवही

@आडवातिडवा, रास्त प्रश्न. माझं उत्तर असं, की ख्रिस्तीपण चौथ्या रकान्याच्या आधीच कामाला लागलेलं असतं.

मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला असं मानलं, की साधनांत ज्यांची नावंच नाहीत त्यांना शोधणं हे कर्तव्य होतं, आवडीनिवडीचा भाग राहत नाही. मनुष्य पतित आहे असं मानलं, की तो नियम आपल्या माणसांनाही लागतो.

बार्तोलोमे दे लास कासासचं उदाहरण घ्या. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिदच्या वादात, त्यांच्यावरच्या युद्धांचं समर्थन करणाऱ्या सेपुल्वेदासमोर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची बाजू लढवणारा धर्मगुरू, म्हणून त्याला आपण डोक्यावर घेतो. पण याच लास कासासने १५१६ मध्ये, मूळ रहिवाशांचे हाल थांबावेत म्हणून, त्यांच्याऐवजी गुलाम आणावेत अशी सूचना केली होती, आफ्रिकन गुलाम धरून. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला आणि तो त्याने लिहूनही ठेवला. संतचरित्राच्या चालीने लिहिणारा १५१६ गाळतो. पुतळे पाडायच्या चालीने लिहिणारा पश्चात्ताप गाळतो. पाप आणि पश्चात्ताप हे दोन्ही शब्द ज्याच्या भाषेत आहेत त्याला यातलं काहीच गाळावं लागत नाही.

तिसरं, देहधारण. देव एका ठरावीक जागी, ठरावीक काळात माणूस झाला असं म्हटलं, की तारीख आणि जागा या गोष्टी गौण राहत नाहीत. लूकच्या तिसऱ्या अध्यायाची पहिली दोन वचनं काढा. योहानाला देवाचं वचन मिळालं हे सांगण्याआधी तो सात जणांची नावं देतो: तिबिर्य, पिलात, हेरोद, फिलिप्प, लुसनिय, हन्ना, कयफा. ही दप्तरी नोंदीची भाषा आहे.

चौथा रकाना खोडला तर एक तोटा होतो: तो मनात भरला जातो आणि तिथे कोणी तपासत नाही. कागदावर असला की खोडता येतो.

कालगणक

तारखांचा विषय निघालाच आहे तर चार गोष्टी. यात चुका फार होतात.

एक. शून्य साल नाही. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. त्यामुळे इ.स.पू. ४ ते इ.स. ३० म्हणजे ३४ नव्हे, ३३ वर्षं. बेरीज करून एक वजा. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्सिग्यूअस या साधूने ५२५ मध्ये, ईस्टरची कोष्टकं करताना काढली, आणि ती रुळली मुख्यतः इंग्रज साधू बीडच्या ७३१ मधल्या इतिहासामुळे. डायोनिसियसचा हिशेब काही वर्षांनी चुकला. हेरोद राजा इ.स.पू. ४ मध्ये वारला असं सर्वसाधारणपणे मानतात, आणि मत्तयप्रमाणे येशूचा जन्म त्याच्या हयातीतला आहे.

दोन. लूक येशूच्या जन्माशी जोडतो ती रोमन सुभेदार क्विरीनियच्या वेळची नावनिशी (जनगणना). जोसिफसप्रमाणे ती इ.स. ६ ची. हेरोदाचा मृत्यू आणि ही नोंदणी यांत ९ वर्षांचं अंतर पडतं. आधीही एक नोंदणी झाली असावी, किंवा मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिली’ऐवजी ‘आधीची’ घ्यावा, अशी उत्तरं सुचवली गेली आहेत. सुचवायला हरकत नाही. पण वहीत त्यांच्यापुढे ‘तर्क’ असं लिहा. सहा महिन्यांनी वही उघडली की तर्क आणि नोंद एकाच शाईत दिसतात, आणि मग तर्काची नोंद होते.

तीन. जिथे जुळतं तिथेही तितकंच मोजून बोला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८: करिंथात पौलाला अखयाचा रोमन सुभेदार गल्लियो याच्यासमोर उभं केलं. डेल्फी इथल्या शिलालेखात गल्लियोचं नाव सम्राट क्लौद्याच्या सव्विसाव्या जयघोषाच्या (विजयानंतर होणाऱ्या) संदर्भात येतं, त्यावरून त्याची अखयातली कारकीर्द ५१-५२ च्या आसपास बसते. पौलाच्या आयुष्याचा सगळा कालक्रम या एका खुंटीला टांगलेला आहे. ही खुंटी पक्की. तिच्यापासून पुढे-मागे मोजलेली बाकीची सालं ‘सुमारे’च.

चार. १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, पण कॅथलिक देशांतच. इंग्लंडने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर घेतला. त्याआधी तिथे वर्ष २५ मार्चला बदलायचं. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद त्या वेळच्या कागदांत ३० जानेवारी १६४८ असा आहे, आपण १६४९ म्हणतो. धर्मसुधारणेच्या काळातली दोन देशांची पत्रं समोरासमोर ठेवताना हे विसरलं, तर उत्तर प्रश्नाच्या आधी येतं.

वंशावळींवरून जगाचं वय काढणाऱ्यांसाठी एकच आकडा: आदामापासून जलप्रलयापर्यंत हिब्रू पाठात १६५६ वर्षं, ग्रीक सप्तति पाठात (जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात) २२४२, शोमरोनी (समरिटन) पाठात १३०७. आर्चबिशप अशरने १६५० मध्ये सृष्टीची तारीख २३ ऑक्टोबर इ.स.पू. ४००४ अशी काढली ती हिब्रू पाठावरून. बीडनेही हिब्रू पाठ धरून इ.स.पू. ३९५२ काढलं, तर त्याच्यावर पाखंडाचा आरोप झाला, कारण लोकांना ग्रीक पाठावरचा मोठा आकडा पाठ होता. पाठ बदलला की जगाचं वय बदलतं, हे त्याला भोवलं.

दिवाबत्ती

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. माहिती उत्तम, पण एक गोष्ट खटकते. चौथा रकाना पेन्सिलीने लिहा, शेवटी लिहा, जमल्यास कोराच ठेवा, हे पवित्र शास्त्राच्या चालीला धरून आहे का? यशया दहाव्या अध्यायात अश्शूरला देवाच्या क्रोधाचा सोटा म्हणतो. पंचेचाळिसाव्यात परराष्ट्रीय राजा कोरेशला ‘अभिषिक्त’ म्हणतो. योसेफ भावांना सांगतो, तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं. संदेष्टे इतिहासात देवाचा हात दाखवताना कचरत नव्हते. मग आपण का कचरावं?

निदण

दिवाबत्ती, तुमच्या उदाहरणांतच उत्तर आहे असं मला वाटतं.

यशया अश्शूरचा विजय पाहून मागाहून ‘हा देवाचा सोटा’ असं अनुमान काढत नाही. आपल्याला देवाचं वचन मिळालं असा त्याचा दावा आहे. आपल्यापैकी कोणाकडे १७५५ च्या भूकंपाबद्दल तसं वचन नाही. दुसरं, त्याच अध्यायात त्या सोट्यालाही शिक्षा आहे. जिंकणारा देवाचं साधन असूनही दोषी असू शकतो. हबक्कूकची तर तक्रारच आहे, की खास्दी लोक आमच्याहून दुष्ट, मग तू त्यांच्या हातून आम्हाला कसा शासन करतोस. ‘जिंकला म्हणजे देव त्याच्या बाजूने’ हे समीकरण जुना करारच मोडतो.

आता १७५५. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या पुढे लिस्बनमध्ये भूकंप झाला. मंडळी चर्चमध्ये उपासनेला बसलेली. छपरं कोसळली, मग समुद्राची लाट आली, मग कित्येक दिवस आग. येशूसंघाचा (जेझुइट) धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिडा याने १७५६ मध्ये पुस्तिका लिहिली: हा शहराच्या पापांचा दंड आहे, घरं बांधण्यापेक्षा प्रायश्चित्त करा. मंत्री पोंबाल ढिगारे उपसत होता, त्याला हे कसं रुचणार? त्याच वेळी बाहेरचे प्रोटेस्टंट म्हणत होते, की हा इन्क्विझिशनचा (पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या कॅथलिक न्यायालयाचा) आणि मूर्तिपूजेचा दंड. बघा, इन्क्विझिशनचा वाडाही पडला. घटना तीच, आणि दंडाची दोन कारणं एकमेकांच्या बरोबर उलट. दोन्ही बाजूंना पुरावा एकच: पडलेल्या भिंती. पुढे १७६१ मध्ये मालाग्रिडाला त्याच इन्क्विझिशनच्या निकालाने मृत्युदंड झाला.

लूक १३ मध्ये येशूला शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांचा दाखला द्यावा लागला तो याचसाठी. ते इतरांहून अधिक अपराधी होते का? नाही, असं तो सरळ म्हणतो. भूकंपाच्या प्रत्येक पानावर तिसऱ्या रकान्याच्या माथ्याशी हे वचन लिहावं.

चौथा रकाना भरण्याआधी मी तीन चाचण्या लावतो.

उलटापालट. निकाल उलटा लागला असता तर मी हेच म्हटलं असतं का? १५८८ मध्ये वादळाने स्पॅनिश आरमार पांगलं, तेव्हा ‘देवाने फुंकर मारली आणि ते उधळले’ अशी पदकं पाडली गेली. वारा उलटा असता तर तेच पदक स्पॅनिश टांकसाळीत पडलं असतं.

वेळ. घटनेच्या धुरळ्यात लिहिलेला अर्थ संशयित धरा. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला त्या सत्तांतराचं पाउल आल्टहाऊस या नामवंत लुथरन धर्मशास्त्रज्ञाने देवाची देणगी आणि चमत्कार म्हणून स्वागत केलं. तो अडाणी नव्हता, लुथरचा मोठा अभ्यासक होता. मे १९३४ मध्ये बार्मेन इथे चर्चमधल्या नाझी शिरकावाविरुद्ध जो जाहीरनामा झाला, त्याच्या सहा कलमांतलं पहिलंच कलम याच दुखण्यावर आहे: देवाच्या एका वचनाखेरीज इतर घटना, सत्ता, व्यक्ती यांना प्रकटीकरणाचा उगम मानायला नकार. लोक ते राजकीय विधान म्हणून वाचतात. इतिहास कसा वाचू नये याचंही ते कलम आहे.

फायदा. या अर्थाचा लाभ कोणाला? मला, माझ्या पंथाला, माझ्या राष्ट्राला होत असेल तर पेन्सिलही खाली ठेवा.

पेन्सिलीने कसं लिहावं याचा नमुना हवा असेल तर अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या अखेरीस लिंकनने ४ मार्च १८६५ ला केलेलं भाषण. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, कोणाचीच प्रार्थना पुरती फळली नाही, असं तो म्हणतो. पुढे गुलामगिरीच्या पापाचा दंड म्हणून युद्धाचा अर्थ लावतो खरा, पण ‘असं धरलं तर’ या शब्दांत. आणि दंड उत्तर-दक्षिण दोघांना वाटून देतो. विजय हातातोंडाशी आलेला माणूस हे बोलतोय.

दिवाबत्ती

बार्मेनच्या पहिल्या कलमाचा असा विचार केला नव्हता. संदेष्ट्याचं वचन आणि आपलं अनुमान यांतला फरक मान्य. तरी हबक्कूक शेवटी गप्प बसत नाही, स्तोत्र गातो, एवढं नोंदवून ठेवते.

शिळाप्रेस

गुलामगिरीवरून आठवलं. आफ्रिकन लोकांना गुलाम करण्यासाठी ‘हामचा शाप’ शतकानुशतकं वापरला गेला. उत्पत्ती ९ उघडा: शाप हामला नाहीच, त्याचा मुलगा कनान याला आहे. दहाव्या अध्यायात हामचे चार मुलगे दिलेत: कूश, मिस्राईम, पूट, कनान. आफ्रिकेशी जोडले जातात ते पहिले तिघे, आणि त्यांच्यावर शाप नाही. मूळ पाठ पाच मिनिटं वाचला असता तरी हा युक्तिवाद कोसळला असता. पण वाचायचं कोणाला होतं? १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी सही करून निषेधपत्र दिलं तेव्हा त्यांनी शापाच्या वादात न शिरता साधा सुवर्णनियम पुढे केला: लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं तुम्ही वागा.

आणि @आडवातिडवा, ‘श्रद्धावान माणूस आपल्या घरचे कागद तपासत नाही’ हे गृहीत असेल तर दोन प्रकरणं बघा. कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दिल्याचं दानपत्र लोरेंझो व्हालाने १४४० मध्ये बनावट ठरवलं. कसं? भाषेवरून. रोमन अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ (इराणी सुभेदार) म्हटलंय, जो शब्द त्या काळच्या रोमन दप्तरात बसतच नाही. शिवाय कॉन्स्टँटिनोपल शहर उभं राहण्याआधीच तिथल्या धर्मपीठाचा उल्लेख. व्हाला तेव्हा पोपशी भांडणाऱ्या राजा अल्फान्सोच्या पदरी होता, म्हणजे हेतू निर्मळ नव्हता. पुरावा मात्र खणखणीत. हेतू पहिल्या रकान्यात लिहायचा, त्यावरून पुरावा फेकायचा नाही.

दुसरं प्रकरण अधिक सुंदर. संतचरित्रं तपासणाऱ्या येशूसंघीय बोलांडिस्टांपैकी डॅनियल पापेब्रॉखने १६७५ मध्ये फ्रान्समधल्या सां-दनी मठाच्या जुन्या सनदांवर शंका घेतली. बेनेडिक्टाइन साधू माबियों याने सहा वर्षं उत्तर तयार केलं. १६८१ च्या त्या ग्रंथात अक्षराचं वळण, चर्मपत्र, मोहरा, मायने, तारीख घालण्याची पद्धत, या एकेका कसोटीवर सनद कशी पारखायची ते मांडलंय. दस्तऐवजांच्या परीक्षेचं शास्त्र तिथून उभं राहिलं. आणि पापेब्रॉखने स्वतःहून पत्र लिहून आपली चूक कबूल केली.

आडवातिडवा

कबूल केली? आमच्याकडे प्राध्यापकांत हे दुर्मीळ आहे. बरं, चमत्कारांचं काय करता? तिथे रकाने फुटतात.

टाचणवही

फुटत नाहीत, तीन वाक्यं वेगळी ठेवली तर. ‘साक्षीदार असं म्हणाले’, ‘असं घडलं’, ‘हे देवाने केलं’. पहिलं वाक्य सगळ्यांना साधनांनी तपासता येतं. करिंथकरांस पहिलं पत्र ५५ च्या सुमाराचं, आणि पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो, की आपल्याला जे ‘मिळालं’ तेच आपण दिलं. म्हणजे पुनरुत्थानाच्या दर्शनांची यादी पत्राहून जुनी, घटनेच्या पंचवीस वर्षांच्या आतली. इथवर तुम्ही आणि मी एकाच पानावर. दुसऱ्या वाक्याला येताना आपली जगाबद्दलची गृहीतं मध्ये येतात, तुमचीही आणि माझीही. चमत्कार अशक्यच, हे तुम्ही साधनं वाचून ठरवलेलं नसतं. मीही शक्य आहे हे साधनं वाचून ठरवलेलं नाही. तेवढं उघड लिहून पुढे जायचं. तिसरं वाक्य कबुलीचं आहे, ते सिद्ध करण्याच्या भरात पहिल्याचा पुरावा ताणला जातो. सगळी गडबड तिथे होते.

आणि मध्ययुगीन चमत्कारांना ढिली, सुवार्तेतल्यांना घट्ट, किंवा उलट, अशा दोन मोजपट्ट्या नकोत.

कालगणक

अवांतर: ‘ग्रीकांचा काळ चक्राकार, ख्रिस्त्यांचा सरळ रेषेत’ हे वाक्य प्रत्येक निबंधात पहिल्या परिच्छेदात येतं. जपून. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस युद्ध वर्षावर्षाने, उन्हाळा-हिवाळा करत सरळ पुढे सांगतो. आणि ‘सूर्याखाली नवे काही नाही’ हे उपदेशकाचं वचन बायबलमध्येच आहे. चौथ्या-पाचव्या शतकातला बिशप ऑगस्टिन याने चक्र नाकारलं ते ख्रिस्त एकदाच मेला या कारणाने. ते कारण द्या, घोषवाक्य नको.

निदण

ऑगस्टिन आलाच आहे तर सरावासाठी त्याचंच पान सुचवतो. २४ ऑगस्ट ४१०, गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याचे लोक रोममध्ये शिरले, तीन दिवस लूट. जुन्या देवांना सोडलं म्हणून हे झालं, असा आरोप ख्रिस्त्यांवर आला. दोन उत्तरं समोरासमोर ठेवा. ख्रिस्ती लेखक ओरोसियसची सात पुस्तकं, ४१७ च्या सुमाराची: ख्रिस्तपूर्व काळ अधिक भीषण होता हे संकटांची जंत्री देऊन दाखवायचं. आणि ऑगस्टिनचं ‘देवाचं नगर’, ४१३ ते ४२६, बावीस पुस्तकं.

दोघांत फरक कुठे पडतो ते एका जागी नेमकं दिसतं. ओरोसियस चर्चचे दहा छळ मिसरातल्या दहा पीडांशी एकास एक जुळवतो. ऑगस्टिन अठराव्या पुस्तकात हीच जुळवणी हाती घेतो आणि विचारतो: नीरोपासूनच मोजायचं तर पहिला हुतात्मा स्तेफन याचं काय, हेरोदाने मारलेल्या याकोबाचं काय? आणि सम्राट डायोक्लिशनवर यादी संपली म्हणता, तर त्यानंतरचा ख्रिस्ती-विरोधी सम्राट जूलियन याचं काय? ही हुशार माणसांची अटकळ आहे, संदेष्ट्याचं वचन नव्हे, असा त्याचा शेरा. चौथा रकाना खोडण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

शिळाप्रेस

पण ऑगस्टिनला अगदी सोवळ्यात ठेवू नका. पहिल्या पुस्तकात गॉथांनी प्रेषितांच्या चर्चमध्ये आश्रय घेतलेल्यांना सोडलं, हे तो ख्रिस्ताच्या नावाचंच फळ म्हणून सांगतो. तिथे चौथा रकाना चक्क शाईने भरलाय. अलारिकचे गॉथ स्वतः एरियन पंथाचे (येशूला पित्याच्या बरोबरीचा न मानणारे) ख्रिस्ती होते, हे माणसी कारण दुसऱ्या रकान्यात जायला हवं.

निदण

बरोबर, ते राहिलं होतं. तर पान असं आखा: पहिल्या रकान्यात ऑगस्टिन, ओरोसियस, आणि बेथलेहेममध्ये बसून बातमी ऐकणाऱ्या जेरोमची पत्रं. जेरोम त्या लुटीवेळी तिथे नव्हता, बाकीचे दोघेही नव्हते. तिघांपुढे ‘ऐकीव’ लिहा. दुसऱ्यात एरियन पंथ, रोमला दोनदा आधी पडलेले वेढे, धान्यटंचाई, आणि रॅव्हेनातल्या सम्राटाच्या दरबाराशी फिसकटलेली बोलणी. तिसऱ्यात मूर्तिपूजकांचा आरोपही घ्या, फक्त ख्रिस्त्यांचं उत्तर नको. पान भरलं की इथेच टाका, चौथ्या रकान्यासकट.

आडवातिडवा

मी टाकतो. चौथ्यात काय लिहू?

टाचणवही

तुमची गृहीतं.